ओढता कट

आमच्या कारखान्यात नवी सीएनसी मिलिंग मशीन उतरली त्या दिवशी मी तिच्यापासून सगळ्यात लांब, संडासाच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. क्रेनचा पट्टा तुटलाच तर मशीन कुठवर लवंडेल याचा अंदाज मी सकाळीच घेऊन ठेवला होता, आणि त्या अंदाजाच्या बाहेर फक्त संडास येत होता. पट्टा तुटला नाही. मशीन अलगद जमिनीला टेकली, शेठनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं मिळालं. मला मिळालं नाही, कारण मला आत जायचंय आणि मी नंबर लावून उभा आहे असाच सगळ्यांचा समज झाला.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. कारखाना सुरतेत, कतारगामात, हिरे घासणाऱ्यांच्या गल्लीमागे. आम्ही विणकामाच्या मशिनींचे बारीक भाग बनवायचो. यात केसाइतकीसुद्धा चूक चालत नाही, असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे. केस कोणाचा ते सांगायचे नाहीत.

राहायला मी लिंबायतला. आमची गल्ली सगळी खानदेशातली आणि सगळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाणारी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हयात लूमच्या खोलीत काढली आणि त्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय. ते उठायला लागले की माय ओरडून त्यांना चहाला थांबवायची, म्हणून ते आणखी लवकर निघायचे. आबांनंतर थोरला भाऊ लूमवर लागला, आणि त्यालाही आता एकच गोष्ट दोनदा सांगावी लागायची. मी आयटीआय करून त्या खोलीतून निसटलो होतो. घरात धड ऐकू येणारे कान माझेच होते, आणि ते मला फार प्रिय होते. आजही आहेत. दिसायला जरा मोठे आहेत, पण चालतात.

मशीन उतरली त्याच आठवड्यात शेठनी मला बोलावलं. शेठ गुजरातीत बोलायचे, सुरतेतल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मराठी माणसाला भाऊ म्हणायचे, आणि रागावले की त्याच्या आधी एक ‘अल्या’ लावायचे.

“अल्या भाऊ,” ते म्हणाले, “जुन्या मशिनी भंगारात गेल्या. एक ठेवलीये, ती मिस्त्रीच्या हाताखाली राहील. नव्या मशीनवर एकच माणूस लागतो. तुला इंग्रजी येतं ना?”

मला इंग्रजी येतं अशी शेठची पक्की समजूत होती, कारण त्यांच्या औषधांच्या बाटल्यांवरची नावं मी वाचून दाखवायचो. ती बरोबर वाचतो की नाही हे त्यांना कळायचं नाही आणि मलाही. पण शेठ ठणठणीत होते, तेव्हा वाचत असेन बरोबर.

“येतं,” मी म्हणालो.

“मग मशीन तू चालव. बडोद्याकडच्या कंपनीचे खरेदीचे साहेब पहिला भाग बघायला येणार आहेत. त्यांनी पास केला तर मशीन तुझी. नाही केला तर मशीन बसवणारा इंजिनिअर त्याच्या ओळखीचा माणूस देतो म्हणतोय. मग तुला कुठे ठेवू?”

मला कुठे ठेवणार हे शेठना ठाऊक नसलं तरी मला ठाऊक होतं. संध्याकाळी घरी सांगितल्यावर भावाने अगदी प्रेमाने, ओरडून सांगितलं, “नही जमनं तं काय बिघडस! मन्हा शेजारना लूम खाली व्हई राहिना. मालकले सांगी ठेवस!”

आणि त्याने खरंच सांगून ठेवलं. एका रविवारी मला घेऊनही गेला, लूम दाखवायला. त्या खोलीच्या दारात मी उभा राहिलो आणि माझ्या दातांत आवाज भरला. भाऊ माझ्याकडे बघून हसत काहीतरी सांगत होता. ओठ हलत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि त्याला ते कळत नव्हतं. 

*

मशीनसाठी शेठनी कारखान्यात काचेची खोली बांधली आणि तिला एसी लावला. आमच्याकडचा पहिला एसी. शेठच्या स्वतःच्या खोलीत पंखा होता. मशीनच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. त्यामुळे दारापुढे देवळासारखी चपलांची रांग, आणि आत अनवाणी मी, गार फरशीवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर. भीतीने माणसाचे पाय गार पडतात म्हणतात. माझे आधीच गार असायचे, त्यामुळे भीती किती आणि एसी किती हे वेगळं काढता यायचं नाही.

इंजिनिअर पुण्याकडचा, माझ्याच वयाचा, पण इस्त्रीचा. आठवडाभर त्याने मला शिकवलं. मशीनमध्ये कटर गोल फिरतो, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, खाली टेबलावर बांधलेला, आणि टेबल कुठे, किती, कसं सरकायचं हे सगळं आधीच लिहून ठेवायचं. तो लिहिलेला प्रोग्रॅम मशीन वाचते आणि दार बंद करून आपलं आपण काम करते. आपण फक्त हिरवं बटण दाबायचं.

“आणि हे लाल,” इंजिनिअर म्हणाला. “काही चुकतंय असं वाटलं की हे दाबायचं. सगळं जागच्या जागी थांबतं. सुरुवातीला बोट यावरच ठेवा.”

ही एकच गोष्ट मला पहिल्या तासात पूर्ण कळली. मी लाल बटणावर बोट ठेवलं ते जवळजवळ उचललंच नाही. डबा डाव्या हाताने खायला लागलो. इंजिनिअर म्हणाला, “अहो, मशीन बंद आहे आत्ता.” मी म्हटलं, “असू दे साहेब.”

मला सगळ्यात घाबरवलं ते दार बंद होण्याने. जुन्या मशीनवर हँडल हातात असायचं. कटर कुठे अडतोय, कुठे सुटतोय, हाताला कळायचं. इथे सगळं काचेपलीकडे, पांढऱ्या पाण्याच्या फवाऱ्याआड. आपल्याला बाहेर उभं करून आतल्या आत काहीतरी चाललंय. लहानपणी माय बाळंत होत होती तेव्हा आबा आणि मी असेच दाराबाहेर उभे होतो.

आणि मग इंजिनिअरने कंपनीच्या भागाचा प्रोग्रॅम लिहिला.

तो भाग म्हणजे पोलादी पाटीतून कापलेला आंब्याच्या कोयीसारखा एक आकार. मधल्या भोकातून क्लॅम्पने घट्ट धरायचा आणि कटरने त्याच्या कडेकडेने फिरून आकार काढायचा. जुन्या मशीनवर हे काम दोन माणसं दोन हँडलं धरून, एकमेकांना शिव्या देत करायची. इंजिनिअरने प्रोग्रॅम टाकला, जॉब न बांधता मशीन नुसती हवेत चालवून दाखवली. कटर हवेत कोय काढत गेला. मी बघत होतो, आणि बघता बघता माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

“साहेब,” मी म्हणालो, “हा ओढता कट आहे.”

इथे मला थोडं मागे जावं लागेल, एका डब्यापर्यंत.

*

आमच्याकडे मिलिंगचे मिस्त्री होते, मराठवाड्यातले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मला हँडल धरायला शिकवलं ते काकांनी, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जे सांगितलं ते एका थपडेसकट सांगितलं, म्हणजे विसरू नये. कटर ज्या दिशेला फिरतो त्याच्या समोरून जॉब न्यायचा. मग कटर जॉबला ढकलतो, हाताला जोर लागतो, पण सगळं ताब्यात राहतं. कटरच्या दिशेनेच नेला तर कटर जॉबला आपल्याकडे ओढतो. आमची जुनी मशीन बारडोलीकडच्या भंगारातून आलेली, तिच्या स्क्रूत इतकी ढिलाई, की एकदा ओढ बसली की अख्खं टेबल झटक्यात कटरखाली जायचं. मग कटर फुटणार किंवा जॉब उडणार. हा ओढता कट.

“करशील?” काकांनी विचारलं होतं.

“नाही काका.”

केला. महिना व्हायच्या आत केला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी पतंग उडवत होतं, माझं लक्ष तिकडे, हँडल उलट्या बाजूने फिरवलं, आणि गोळी सुटावी तसा आवाज झाला. मी डोळे उघडले तेव्हा काका एक कान धरून उभे होते. कान शाबूत होता. कटरचा तुकडा त्याच्या शेजारून जाऊन फळीवरच्या त्यांच्या जेवणाच्या डब्यात घुसला होता, आणि डब्यातून, भाकरीतून, मिरचीच्या ठेच्यातून पार होऊन भिंतीत बसला होता.

काकांनी तो डबा टाकला नाही. दोन्ही बाजूंना भोक असलेला तो डबा ते रोज आणायचे, भाकरी फडक्यात बांधून आत ठेवायचे, आणि कारखान्यात नवा माणूस आला की डबा त्याच्या डोळ्यांना लावून माझ्याकडे बघायला सांगायचे. “दिसलं का येडं? त्यानं केलं होतं हे.”

तेव्हा मी ‘साहेब, हा ओढता कट आहे’ असं म्हणालो, त्यात केवढा डबा होता हे इंजिनिअरला कळणं शक्य नव्हतं.

तो हसला. “अहो, ते तुमच्या जुन्या मशीनचं शास्त्र. हिच्या स्क्रूला ढिलाईच नाही. हिच्यावर असाच कट घ्यायचा असतो. कड गुळगुळीत येते, कटर जास्त टिकतो.”

“पण उडाला तर?”

“नाही उडत.”

“पण उडाला तर, साहेब?”

“दार बंद असतं ना,” तो म्हणाला, आणि भरूचला दुसरी मशीन बसवायला निघून गेला. खरेदीचे साहेब येतील त्या सकाळी परत येतो म्हणाला. जाताना प्रोग्रॅम बदलण्याची मुभा देणारी किल्ली मशीनच्या कुलपातच राहिली. माझ्यासारख्या माणसापुढे अशी किल्ली ठेवून जाऊ नये. पण तो पुण्याकडचा होता, माणसांवर विश्वास ठेवत असावा.

मी काकांना सांगितलं. काकांच्या तोंडातला तंबाखू तसाच राहिला.

“ओढता? पोलादावर? साहेब लोकांसमोर?”

“हो काका. तो म्हणतो, नाही उडत.”

“तो म्हणतो!” काकांनी फळीवरून डबा काढला आणि काखेत धरला. “हे बघ बाबा. माझा एक कान देवानं वाचवला. दर वेळी तो मोकळा नसतो. त्या दिवशी मी रजेवर.”

“आणि माझं?”

“तुझं काय? दिशा बदल ना. तुला येतं ना त्यातलं?”

मला त्यातलं येतं की नाही हा तसा नाजूक प्रश्न होता. पण डोळ्यांपुढे एकीकडे फुटलेला कटर, एकीकडे खरेदीच्या साहेबांचा कान, आणि या दोन्हींच्या पलीकडे भावाशेजारचा तो रिकामा लूम. साहेबांसमोर मशीन फुटली तर सोमवारी मी त्या खोलीत. पास व्हायचं असेल तर काहीच फुटता कामा नये. इतका सरळ विचार होता. भीतीत माणसाचे विचार फार सरळ होतात, तिथेच घोळ होतो.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी चपला काढून आत गेलो, किल्ली फिरवली आणि प्रोग्रॅम खालून वर लिहून काढला. जिथून कटर निघायचा तिथे आता पोचायचा. उजवीकडची वळणं डावीकडची केली, हे मात्र मला सुचलं, आणि सुचल्याचा मला इतका अभिमान वाटला की मी पडद्यात स्वतःचा चेहरा बघून घेतला. घामाने बटणांवरून बोटं सरकत होती. मग काकांना बोलावून मशीन हवेत चालवून दाखवली. कटर उलट्या दिशेने तीच कोय काढत गेला.

“आता कसं!” काका म्हणाले. “आता ढकलता झाला. आता मी रजा नाही घेत.”

*

खरेदीचे साहेब उंच, कोरडे, हिंदी बोलणारे. चपला बाहेर हा नियम त्यांनाही लागू झाला, आणि बूट काढल्यावर उजव्या मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर आला. त्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. काचेच्या खोलीत ते, शेठ, भरूचहून आलेला इंजिनिअर आणि मी. काका काचेबाहेर, खांबाआड. डबा त्यांनी तरीही तिसऱ्या खोलीत नेऊन ठेवला होता.

इंजिनिअरने जॉब बांधला आहे ना हे बघितलं, दार लावलं आणि मला खूण केली.

पहाटे निघताना माय कानबाईला नवस बोलली होती, आणि आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून आपल्या समजुतीने हळूच सांगितलं होतं, “भिवू नको!” शेजारची तीन घरं जागी झाली होती. मी भिऊ नको असं स्वतःला सांगत डाव्या हाताने हिरवं दाबलं. उजव्या हाताचं बोट कुठे होतं ते सांगायला नकोच.

कटर फिरला. पाण्याचा फवारा सुरू झाला. कटर पाटीपाशी गेला आणि आत शिरला.

आणि आवाज भलताच आला.

कडेकडेने जाणारा कटर सरसर वाजतो, कापड फाडल्यासारखा. हा तोंडात घास कोंबलेल्या माणसासारखा गुरगुरत होता. आत, खोल, सगळ्या अंगाने. शेठ हसऱ्या चेहऱ्याने साहेबांना काहीतरी सांगत होते, साहेब मान हलवत होते, इंजिनिअर पडद्याकडे बघत होता. ऐकू फक्त मला येत होतं. आबांचे, भावाचे, सगळ्या घराचे मिळून जे दोन कान शिल्लक होते त्या कानांत तो आवाज शिरला, आणि मी काही विचार करायच्या आत माझं बोट लाल बटणात घुसलं होतं.

सगळं थांबलं. कटर, पाणी, शेठचं वाक्य. उरला एसीचा आवाज.

“शुं थयुं?” शेठ म्हणाले.

इंजिनिअरने दार उघडलं. पोलादी कोय आतून खाल्ली गेली होती. कटर कडेच्या बाहेरून जायचा तो कडेच्या आतून निघाला होता, भागाच्याच पोटातून, आणि पुढच्या वळणावर मधला पोलादी क्लॅम्प अगदी बोटभर अंतरावर त्याची वाट बघत होता.

इंजिनिअरने पडद्यावर प्रोग्रॅम वर-खाली केला. मग माझ्याकडे वळला. “हे कोणी बदललं?”

काचेबाहेर काका खांबाआडून दिसेनासे झाले.

“मी,” मी म्हणालो. आवाज असा निघाला की आबांना तो जन्मात ऐकू आला नसता.

“क्या बदला?” साहेबांनी विचारलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा शांत होता.

चूक मला त्याच क्षणी कळली होती. आता सांगायची होती, आणि तीही हिंदीत. मी म्हणालो, साहेब, समजा शेताला बांध आहे. एका माणसाला सांगितलंय, बांध उजव्या हाताला ठेवून चालत राहा. तो शेताच्या बाहेरून चाललाय, पिकाला काही होत नाही. मी त्याला मागे फिरवलं. पण बांध उजव्याच हाताला ठेव, हे सांगितलेलं तसंच राहिलं. उलटा फिरून बांध उजव्या हाताला घ्यायचा म्हणजे तो बांध ओलांडून आत आला. आता तो पिकातून चाललाय. मी दिशा बदलली, वळणं बदलली, हात बदलायचा राहिला.

“हवेत चालवून बघितलं होतं,” मी इंजिनिअरला मराठीत म्हणालो. “पण हवेत शेतच नव्हतं, साहेब.”

 इंजिनिअर खुर्ची ओढून बसला आणि पहिला प्रोग्रॅम पुन्हा टाइप करायला लागला, त्याला तो पाठ होता. तेवढ्यात चहा आला. शेठनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. शेठ माझ्याकडे बघत नव्हते, हे फार वाईट चिन्ह होतं. मी मनाने लूमच्या खोलीत जाऊन पोचलो होतो. भाऊ मला काहीतरी सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं.

नवी पाटी बांधली. शेठ म्हणाले, “भाऊ, बाजूला हो.” इंजिनिअर बटणाकडे गेला.

“एक मिनिट,” खरेदीचे साहेब हिंदीत म्हणाले. “आप तो कल चले जाएंगे. रोज कौन चलाएगा?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तो वही दबाए.”

तोवर मी जेवढा घाबरलो होतो ते काहीच नव्हतं असं मला तेव्हा कळलं. कारण आता तो मूळ प्रोग्रॅम होता. आता तो ओढता कट होता, पोलादावर, आणि बटण मी दाबायचं होतं. माझ्या गालावर काकांची थप्पड नव्याने चुरचुरली. मी इंजिनिअरकडे बघून एकदाच म्हणालो, “उडाला तर, साहेब?”

“दाबा,” तो म्हणाला.

मी दाबलं आणि शेठच्या मागे गेलो.

हे मी मुद्दाम केलं असं नाही. पायांनी केलं. शेठ रुंद होते, गार फरशीवर मला तेवढाच आडोसा होता, आणि माझं डोकं त्यांच्या खांद्याआड बरोबर बसलं. लाल बटण हाताबाहेर गेलं हेही मला नंतर कळलं. शेठच्या कुडत्याला चंदनाचा वास येत होता. डोळे मिटून मी आवाजाची वाट बघितली.

सरसर. कापड फाडल्यासारखं, एका लयीत, लांबच लांब. कुठे अडखळणं नाही, हिसका नाही. मी एक डोळा उघडला. शेठच्या खांद्यावरून काचेपलीकडे कटर कोयीच्या कडेने असा चालला होता की त्याला सगळी वाट ठाऊक आहे. मी कान टवकारून सगळा फेरा ऐकला. काही उडालं नाही. मी आजही सांगतो, मला आतून थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या भीतीला मी जपलं, तिच्यात आता काही दम उरला नव्हता.

दार उघडलं. कडेत आमचे चेहरे दिसत होते, ताणलेले. साहेबांनी मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं, भाग रुमालात गुंडाळून बॅगेत टाकला.

“पास,” ते शेठना म्हणाले. मग मला विचारलं, “पहली बार वो लाल बटन दबाया, तब क्या दिखा आपको?”

“दिसलं काही नाही साहेब. ऐकू आलं.”

“और पहले से डरे हुए थे.”

“जी साहेब. कालपासून.”

त्यांनी बूट घातले. अंगठा आत गेला, आणि ते गेले.

शेठनी मशीनच्या कुलपातली किल्ली काढली. मी दारापाशी उभा राहून चपला शोधत होतो, म्हणजे सापडल्या होत्या, पण घालायचा धीर होत नव्हता. चपला घातल्या की मी त्या खोलीतून बाहेर.

“अल्या भाऊ,” शेठ म्हणाले. “इंजिनिअर म्हणतो, तुझं बोट जरा उशिरा पडलं असतं तर कटर क्लॅम्पला भिडला असता आणि मशीनचा मोठा भाग परदेशातून मागवावा लागला असता.”

“पण प्रोग्रॅम मीच...”

“ते ऐकलं मी. शेत, बांध, पीक, सगळं ऐकलं.” त्यांनी किल्ली तिजोरीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा कमरेला खोचला. “ही माझ्याकडे राहील. लिहिणं तुझं नाही, ते इंजिनिअर लिहील. तू फक्त चालव. तू घाबरट आहेस. या मशीनवर धीट माणूस मला परवडणार नाही.” मग म्हणाले, “आणि माझ्या मागे लपत जाऊ नको. मला पण भीती वाटत होती.”

बाहेर काका डबा घेऊन उभे होते. “नाही उडालं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

काकांनी डबा डोळ्याला लावला आणि भोकातून बराच वेळ काचेच्या खोलीकडे बघत राहिले. “मला पटत नाही,” ते म्हणाले.

*

लिंबायतला पोचलो तेव्हा उजेड होता. गल्लीच्या तोंडाशी आबा स्टुलावर बसले होते, नळावर बायकांची गर्दी. मला लांबूनच बघून आबांनी हाताने प्रश्न केला: पंजा आडवा धरून इकडून तिकडे, इकडून तिकडे, सुताचा धोटा पळतो तसा. म्हणजे, लूम?

मी मान हलवली. नाही.

“ऱ्हायनी का नोकरी?” आबा ओरडले.

“ऱ्हायनी!”

“कशी काय?”

मी जवळ गेलो. हे मला खरं म्हणजे हळू सांगायचं होतं. त्यांच्या कानाशी वाकून मी म्हणालो, घाबरलो म्हणून. आबांनी पंजा कानामागे धरला. मी जरा मोठ्याने सांगितलं. त्यांनी दुसरा कान पुढे केला. नळावरच्या बायका आता बादल्या सोडून बघत होत्या. शेवटी मी छाती भरून ओरडलो, अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं:

“घाबरनू, म्हनीसन ऱ्हायनी!”

आबांनी क्षणभर विचार केला. मग माझा हात धरून मला खाली ओढलं, आणि एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसं, आपल्या समजुतीने अगदी कानात, ओरडले:

“मंग घाबरत ऱ्हाय!”

नळावर हसू फुटलं. आबांना ते ऐकू आलं नाही.